बॅटरी सोडून गाडी आमची

नेस गावाच्या रस्त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या माणसाला आमची गाडी आवडली होती. मास्क लावलेला असूनही ते कळत होतं. त्याने बॉनेटवर हात फिरवला, टायरमध्ये नख खुपसून पाहिलं, आत बसून सीट मागे-पुढे केली आणि "ग्रँड लिटल कार" असं दोनदा म्हणाला. मी तर मनातल्या मनात नवी गाडी घेऊन पोर्टलीशच्या नव्या नोकरीवर पोचलेसुद्धा होते. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "बॅटरी तुमची आहे, की भाड्याची?"

"भाड्याची," मी म्हटलं.

त्याने बॉनेटवरचा हात काढून घेतला. २०२०चा डिसेंबर होता तो. त्या दिवसांत कुणी खोकलं की माणसं जशी मागे सरकत, तसा तो मागे सरकला. म्हणाला, "मग नको. गाडी माझ्या आवारात उभी राहणार आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाडं मी भरणार." मी गाडीत बसल्यावर काचेजवळ येऊन वर सल्लाही दिला, की फुकट दिलीत तर कदाचित कुणी नेईल.

हा काही पहिला नव्हता. फोनवर नकार देणारे वेगळेच. ह्याने निदान हात तरी लावला होता.

आता ही भानगड सांगायला हवी. इलेक्ट्रिक गाड्या नव्या नव्या आल्या तेव्हा बॅटरी फार महाग होती आणि ती किती टिकेल याची लोकांना धास्ती होती. म्हणून कंपन्यांनी युक्ती काढली: गाडी तुम्ही विकत घ्या, बॅटरी आमचीच राहू द्या, दरमहा भाडं भरा, बिघडली तर आम्ही बघू. नव्या गाडीला हे शोभतं. पण गाडी जुनी होते, तिची किंमत उतरत जाते, भाडं मात्र होतं तिथेच राहतं. शेवटी अशी वेळ येते की थोड्याच काळात माणूस गाडीच्या किमतीएवढं भाडं भरून बसतो, आणि तरी बॅटरी त्याची होत नाही. भाडं बंद करायचं तर करार स्वतःच्या नावावर घेणारा दुसरा कुणी शोधायचा. अशी गाडी कोण शहाणा घेईल?

आम्ही घेतली होती.

घेतली ती वहिनींकडून. वहिनी नात्यातल्या नव्हेत, पण इथे आयर्लंडमध्ये मला जे काही माहेर होतं ते त्यांच्या घरी. माझ्या बाळंतपणाला आईचा व्हिसा वेळेवर झाला नाही, तेव्हा वहिनी डिंकाचे लाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. डिंक त्यांनी पुण्याहून मागवला होता. बाळाला तेल लावायला रोज यायच्या आणि मला ओरडून ओरडून खाऊ घालायच्या. पुढे काही वर्षांनी त्या दोघांनी कायमचं पुण्याला परत जायचं ठरवलं. परत जाणारं कुटुंब घरातलं सगळं आपल्याच लोकांत विकतं, ही इथली रीत आहे. मिक्सर एकाकडे जातो, गाद्या दुसऱ्याकडे, तुळशीची कुंडी तिसऱ्याकडे. आमच्या वाट्याला गाडी आली.

आम्ही बघायला गेलो तेव्हा वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. खाता खाता त्या म्हणाल्या, "बॅटरीचं थोडं भरावं लागतं हं महिन्याला." माझा नवरा म्हणाला, "हो हो, चालेल की." त्याला वाटलं हा हप्ता आहे, आणि हप्ते फिटले की वस्तू आपली होते, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. हप्ते किती राहिलेत, हे मात्र त्याने विचारलं नाही. मीही नाही. आपल्या माणसाच्या घरी, त्याची खिचडी खात, कागद दाखवा म्हणायचं कसं? पुढे करार आमच्या नावावर करताना फोनवर अटींची खिडकी उघडली तेव्हा नवऱ्याने ती न वाचता खूण करून टाकली. हा माणूस सॉफ्टवेअरमध्ये आहे, अशा खिडक्या स्वतः बनवतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

आणि तरी, खरं सांगते, गाडी गुणी होती. आमच्या मेनूथ गावाहून डब्लिनजवळच्या टॅलाला मी रोज तीच घेऊन जायचे. तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी करारावर होते. दुसऱ्या कुणाची तरी बाळंतपणाची रजा संपेपर्यंत तिची जागा चालवायची, मग पुढचा करार, मग पुढची कुणी बाळंतीण. दसऱ्याला आम्ही गाडीला झेंडूचा हार घालायचो. झेंडू मिळाले नाहीत तर सुपरमार्केटमधली शेवंती. शेजारीण कुंपणावरून बघत राहायची आणि दरवर्षी न चुकता वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची.

त्या दसऱ्याच्या सुमाराला पोर्टलीशच्या हॉस्पिटलचं उत्तर आलं: लॅबमध्ये कायमची जागा, जानेवारीच्या शेवटी रुजू व्हायचं. मी स्वयंपाकघरात फतकल मारून बसले. मुलगी झाल्यापासून मी ज्याची वाट पाहत होते ते हेच. मुलाखतीत त्यांनी एवढंच विचारलं होतं, सकाळची पाळी लवकर असते, गाडी आहे ना? मी ठणकावून सांगितलं होतं, आहे.

गाडी होती. पण पोर्टलीशला जाऊन परत येईल एवढा तिचा दम होता का? टॅलापेक्षा ते जवळजवळ तिप्पट लांब. आगगाडीने जावं तर आधी डब्लिनला जाऊन दुसऱ्या स्टेशनवरून उलट यायचं, आणि ती पहिल्या पाळीला पोचवत नाही. नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीला नोव्हेंबरात बोलावलं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, हीच परीक्षा. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती आणि नवऱ्याच्या मीटिंगा, म्हणून सात वर्षांची लेकही बरोबर होती.

जाताना ठीक गेलो. पोर्टलीशच्या चार्जरवर आधीच एक गाडी लावलेली, आणि तिचा मालक कुठे गडप झाला होता कोण जाणे. वाट पाहून मी निघाले. थंडीत बॅटरी कशी उतरते हे वाचलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. मी हीटर बंद केला. मग रेडिओ बंद केला, त्याने काही फरक पडत नाही हे माहीत असूनही. मोटरवे सोडून जुना रस्ता धरला. कर्राहच्या माळावर मेंढ्या रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मला बरंच वाटलं, कारण उभ्या गाडीला फार बॅटरी लागत नाही. लेक गोधडी पांघरून मागे बसली होती. "मॅमी, आय कॅन सी मी ब्रेथ," तोंडातली वाफ बघत म्हणाली. मी म्हटलं, "बघ आणि मोज."

पुढे नाक्यावर गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, थांबवलं. लॉकडाऊन होता, हॉस्पिटलचं पत्र दाखवावं लागे. त्याने पत्र वाचलं, मग आमच्या शाली, कानटोप्या, गोधडी पाहिली. "हीटर बिघडलाय का?"

"नाही," मी म्हटलं. "वाचवतेय."

तो बराच वेळ हसत होता. आम्ही घराच्या दारात पोचलो तेव्हा गाडीच्या पडद्यावरचा उरलेल्या किलोमीटरांचा आकडा केव्हाच जाऊन नुसत्या रेघा उरल्या होत्या. हे रोज, दोन्ही वेळा करणं शक्य नव्हतं. त्यात भाडं किलोमीटरवर ठरायचं. म्हणजे पोर्टलीशला रोज गेले तर तेही वाढणार. नवरा म्हणाला, "पूजा आपण करायची आणि प्रसाद कंपनीला." मला हसू आलं नाही.

तेव्हा मी ठरवलं, ही गाडी विकायची, दुसरी घ्यायची आणि पोर्टलीशला जायचं. गाडी विकली गेली नाही तर तिथे एखादी खोली घेऊन आठवडाभर राहायचं, शनिवार-रविवारी घरी यायचं. नवरा म्हणाला, "आणि पोरगी?" मी म्हटलं, "तू आहेस की." त्यानंतर गाडी विकण्याच्या कामात तोही मनापासून लागला.

सगळे डीलर पालथे घालून झाल्यावर मी भाड्याच्या कंपनीच्या मागे लागले. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, फोन लावायचा आणि त्यांचं संगीत ऐकत पोळी-भाजी खायची. बॅटरी विकत द्या म्हटलं, तर तुमच्या करारात ती सोय नाही. बॅटरी परत घ्या म्हटलं, तर मग गाडी ढकलत नेणार का? हे त्यांनी अशा शब्दांत नाही म्हटलं, पण अर्थ तोच. मी चिवट आहे. आई म्हणते, हिच्या हातून घोरपडही सुटायची नाही. शेवटी एक बाई सापडली, तिने एक गोष्ट कबूल केली: नवा मालक गाडी कमी चालवणारा असेल, तर भाडं खालच्या टप्प्यावर आणता येईल. मी तिच्याकडून ते लेखी घेतलं.

म्हणजे ही गाडी घेण्यात कुणाचंच हित नव्हतं असं नाही. रोज जवळच जाणारा माणूस हवा होता. तो सापडायला हवा होता, आणि त्याला सगळं कळायला हवं होतं.

नवऱ्याचं मत वेगळं होतं. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणी ना कुणी नवीन आलेलं असतंच, आणि कोविडमुळे तर सगळ्यांना बस नको, गाडी हवी होती. त्याने टाकायचा मजकूर मला दाखवला. फोटो छान होते. खाली लिहिलं होतं, 'बॅटरीचं किरकोळ भाडं.'

"किरकोळ काढ," मी म्हटलं.

"अगं, आले की सांगू ना समोरासमोर."

"समोर आले की ते चहा पितील आणि हो म्हणतील. आपण म्हटलं तसं."

"आपल्याला दिली तशीच देतोय ना आपण? खोटं कुठे आहे त्यात?"

मला इतका संताप आला की मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "आपल्याला दिली तशी देणार नाही. पडून राहिली तरी चालेल." तो खुर्ची सरकवून उठला. मग म्हणाला, "एवढा राग आहे तर वहिनींना विचार ना एकदा, त्यांना माहीत होतं का."

वहिनींचे मेसेज दर रविवारी यायचे. लेकीचे फोटो मागायच्या, मी पाठवायचे. कंपनीला रोज फोन करणारी मी, डीलरांशी हुज्जत घालणारी मी, पण हा एक प्रश्न माझ्या तोंडातून निघत नव्हता. विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं, तर त्या लाडवांचं काय करायचं? मी नवऱ्याला म्हटलं, "तू मध्ये बोलू नकोस."

ग्रुपवर मी स्वतः लिहिलं, भाड्यासकट, करारासकट. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका मुलीचा फोन आला. नागपूरची, मेनूथच्या युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी, राहायला शेजारच्याच किलकॉक गावात. रोजचं जाणं-येणं हाकेच्या अंतरावर, पण दमा असल्यामुळे बसमध्ये बसायची भीती. मला वाटलं, देव पावला.

ती आली तेव्हा घरात कुणाला घ्यायचं नाही असे नियम होते, म्हणून आम्ही बाहेरच गाडीपाशी उभ्या राहिलो. नवऱ्याने थर्मासमध्ये चहा भरून पुढच्या बुटक्या भिंतीवर आणून ठेवला, शेजारी चकल्यांचा डबा. मुलीने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "छान आहे ताई. तुम्ही म्हणाल ते."

"वाचलंस ना मी लिहिलेलं?"

"वाचलं वरवर. आता तुम्हाला काय विचारू मी? आपलेच लोक तर आहो."

मी तिच्याकडे पाहिलं आणि मला आमचीच खिचडीची ताटली आठवली. तिचा हात थर्मासकडे गेला होता. मी थर्मास उचलून माझ्याकडे घेतला.

"चहा नंतर," मी म्हटलं. "आधी प्रश्न विचार."

ती गोंधळून हसली. "कसले प्रश्न?"

"बॅटरी कुणाची आहे, विचार. भाडं कधी संपतं, विचार. मी का विकतेय, विचार."

तिने विचारलं, एकेक, शाळेत उभं केल्यासारखं. मी उत्तरं दिली. बॅटरी कंपनीची. भाडं गाडी आहे तोवर. थंडीत दम कमी होतो, मला लांब जायचंय म्हणून विकतेय. "आणि आता शेवटचा विचार," मी म्हटलं. "उद्या तुला विकायची झाली, तर कोण घेईल?"

"कोण घेईल?"

"बहुतेक कुणी नाही. मला तूच पहिली भेटलीस."

"बाप्पा!" ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. विचार करून सांगते म्हणाली आणि गेली. चहा न घेता गेली. आमच्या दारातून कुणी कोरड्या तोंडाने गेल्याचं मला आठवत नाही. नवरा खिडकीतून सगळं पाहत होता. मी आत आल्यावर म्हणाला, "अभिनंदन. गाडीही ठेवलीस आणि चहाही." मी त्याला म्हटलं, तूच पी तो चहा.

नाताळानंतर पुन्हा सगळं बंद झालं. डीलरांची आवारं कुलुपात. लॅबमध्ये नमुन्यांचे ढीग, मान वर करायला फुरसत नाही. रुजू व्हायचा दिवस जवळ येत होता. मी पोर्टलीशमधल्या खोल्या बघायला लागले. एका खोलीवाल्या आजींशी बोलूनही ठेवलं. त्यांनी विचारलं, मांजर चालेल का? मी म्हटलं, वाघ असला तरी चालेल. मला त्या काळात भीती वाटली नाही असं नाही. लेक झोपताना गोष्ट मागायची तेव्हा मी एकाऐवजी दोन सांगायचे. पण ही नोकरी मी सोडणार नव्हते, आणि 'किरकोळ' हा शब्द परत लिहिणार नव्हते.

ती मुलगी परत आली ती जानेवारीत, युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगांच्या कामाला आली होती तिथून थेट. आता ती वेगळीच होती. कंपनीला तिने स्वतः फोन केला होता, त्याच बाईशी बोलली होती. बॅटरी किती तग धरतेय याची तपासणी मागितली. मागच्या टायरवर बोट ठेवलं. कार्पेटवरचा डाग कसला, हेही विचारलं. लेकीने सांडलेलं आमरसाचं डबाबंद प्रकरण होतं ते, मी सांगितलं. मग तिने किंमत सांगितली. ती इतकी खाली होती की माझ्या कपाळाची शीर उडाली.

"अगं, काय लूट करतेस?"

"ताई, परत विकली जाणार नाही, तुम्हीच तर सांगितलं. मग मी वापरून संपवायलाच घेणार ना? संपवायच्या गाडीचे मी एवढेच देईन."

माझाच दगड माझ्या पायावर. आम्ही त्या भिंतीपाशी कुडकुडत बराच वेळ घासाघीस केली. घराच्या भिंतीवरचा चार्जर मी द्यायचा, टायर तिने बदलायचे, असं करत करत जमलं. मला राग येत होता आणि मनातून तिला शाबासकीही द्यावीशी वाटत होती. करार तिच्या नावावर झाला त्या दिवशी मी तिला चहा दिला. आलं घातलेला, आणि चकल्या. तिने दोन कप घेतले. चकलीत तीळ जास्त झालेत, असंही सांगितलं. आता तिची भीड पुरती चेपली होती.

आलेल्या पैशांत बरीच भर घालून आम्ही एक म्हातारी डिझेल गाडी घेतली. एका दाराला पोचा होता. घेताना नवऱ्याने इतके प्रश्न विचारले की विकणारी बाई म्हणाली, "तुम्ही गाडी घेताय की लग्न करताय?"

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. वहिनींचा मेसेज आला: उद्यासाठी शुभेच्छा, गाडी गेली का? मी ओट्यापाशी उभी होते, उद्याच्या डब्याची भाजी चिरत होते. एका परक्या मुलीला मी भिंतीपाशी उभं करून विचारायला लावलं होतं. आता मला सबब उरली नव्हती. मी सुरी ठेवली आणि फोन लावला.

"गेली, वहिनी. कुठलाच डीलर घेत नव्हता. तुम्हाला हे माहीत होतं का?"

पुण्यात त्यांच्या घरी टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आम्हालाही सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. तिकिटं काढून झाली होती गं. तुम्ही बघायला आलात तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, ते विचारतील तेव्हा सगळं सांगून टाकायचं. तुम्ही विचारलंच नाहीत." आणि हळूच म्हणाल्या, "मग मी खिचडी वाढली."

माझे कान तापले. "मला तुमचा राग आलाय, वहिनी," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात त्यांना म्हणेन असं मला वाटलं नव्हतं.

"येणारच. दर रविवारी मला वाटायचं, आज विचारेल."

"आणि लाडू?"

त्यांना आधी कळेना. मग कळलं, आणि पूर्वीसारख्या ओरडल्या. "अगं वेडे, ते काय विकायला केले होते का?"

मी फोन खांद्याशी धरून चिरलेली भाजी पातेल्यात लोटली.  मग त्याच म्हणाल्या, "उद्या लांब जायचंय ना? नव्या गाडीत सगळं नीट आहे ना? विचारून घेतलंस ना?"

"सगळं विचारलं," मी म्हटलं.

राग काही त्या दिवशी गेला नाही, अजून थोडा आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीच्या अंगावरची गोधडी सारखी केली, डबा घेतला आणि हीटर पूर्ण लावून पोर्टलीशला निघाले.